महाराज, जरा आमच्या सोयीचं बघा

श्री. रा. रा. रामसेस (दुसरे), सम्राट, इजिप्त,
मूळ मुक्काम पी-रामसेस, हल्ली मुक्काम कैरो, यांस सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, येत्या हिवाळ्यात आमची सहल आपल्या राज्यात येत आहे. सोसायटीतली चार कुटुंबं, दोन आज्या (एकीचे गुडघे बदललेले) आणि हातात जेमतेम आठवडा. तेवढ्यात तुमची तीन हजार वर्षं उरकायची आहेत, शिवाय मुलांना एक अख्खा दिवस लाल समुद्रात डुंबायला हवाय. वेळापत्रक आखायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि नकाशा उघडल्याबरोबर कळलं, की इमारती बांधताना तुम्ही पर्यटकांचा काडीचाही विचार केलेला नाही.

तुमच्या आधीच्या मंडळींचं त्या मानाने बरं. खुफूने पिरॅमिड बांधला तो गिझाला, आजच्या कैरोला अगदी लागून. तेवीस लाखांच्या आसपास दगड, मुळातली उंची १४६ मीटर. त्याला आम्ही पन्नास मिनिटं दिली आहेत, उंटावरचे फोटो धरून. वर चढायला बंदी आहे हे कळल्यावर “मग तिथे करायचं काय?” असं दोघांनी विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.

पण तुम्ही! अबू सिंबेल हे काय देऊळ बांधायचं ठिकाण झालं? अस्वानपासून सुमारे २८० किलोमीटर, जवळजवळ सुदानच्या हद्दीवर. म्हणजे आज्यांना पहाटे तीनला उठवायचं, हॉटेलने बांधून दिलेले गारढोण पाव हातात द्यायचे आणि वाळवंटातून तीन-साडेतीन तास बस हाकायची. दोन तास देऊळ, की पुन्हा तेवढंच परत. एवढ्या लांब बांधलं कशाला, तर दक्षिणेकडच्या न्युबियन लोकांना धाक बसावा म्हणून, असं जाणकार सांगतात. वीस-वीस मीटरचे चार बसलेले पुतळे आणि चारही स्वतःचेच. आमच्याकडे वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लावणारे नगरसेवकही बाजूला चार कार्यकर्त्यांचे चेहरे टाकतात हो.

देऊळ हलवता येत नाही, असं मात्र सांगू नका. अस्वानच्या मोठ्या धरणाचं पाणी चढायला लागलं, तेव्हा १९६४ ते १९६८ या काळात युनेस्कोच्या पुढाकाराने अख्खं देऊळ करवतीने कापलं, ठोकळे केले आणि सुमारे ६५ मीटर वर, दोनशे मीटर मागे नेऊन पुन्हा जोडलं. पाठीशी डोंगर हवा म्हणून काँक्रीटच्या घुमटावर खोटा डोंगर रचला. डावीकडून दुसऱ्या पुतळ्याचं डोकं आणि धड प्राचीन काळीच भूकंपात कोसळलेलं. ते तुकडेसुद्धा जसे पडले होते तसेच नव्या जागी नेऊन पायाशी ठेवले. इतकी काटेकोर माणसं कामाला लागली होती, तेव्हा आणखी हजारेक किलोमीटर उत्तरेला सरकवून कैरो विमानतळाजवळ ठेवलं असतं, तर कोणाचं काय गेलं असतं?

दुसरी तक्रार सूर्याची. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला सकाळचं ऊन थेट गाभाऱ्यात शिरतं आणि चार मूर्तींपैकी तिघांवर पडतं. त्या तिघांत एक तुम्ही. चौथा देव ‘प्ताह’ बिचारा अंधारात. व्यवस्था छानच आहे, पण मुलांच्या परीक्षा कोण बघणार? दिवाळीच्या सुट्टीत बसवता येईल का? देऊळ हलवल्यावर तारीख एका दिवसाने सरकली असं म्हणतात, म्हणजे ती सरकते.

तिसरी तक्रार जरा नाजूक आहे. इ.स.पू. १२७४ची काडेशची लढाई तुम्ही अबू सिंबेलला कोरली, लक्झरला कोरली, कर्नाकला, रामेसियमला, अबायडोसलाही कोरली. एक लढाई किती वेळा बघायची? शिवाय काडेश शेवटी शत्रूकडे, म्हणजे हित्ती लोकांकडेच राहिलं आणि पंधराएक वर्षांनी तुम्ही त्यांच्याशी तह केलात, हे आता मोबाइलवर कोणालाही कळतं. इतरांच्या पुतळ्यांवरही आपलं नाव घालायची सवय तुम्हाला होती, आणि तेही खोल, म्हणजे पुढच्याला खरवडता येऊ नये. आमच्या गडकिल्ल्यांवर नावं कोरणाऱ्यांना आम्ही शिव्या घालतो. तुमच्या पुतळ्याच्या पायावर ग्रीक भाडोत्री सैनिकांनी इ.स.पू. सहाव्या शतकात तेच केलं, तर ते वाचायला आम्ही तिकीट काढून येतोय.

खरी पंचाईत तुम्हाला गाठायची आहे. थडगं लक्झरला, राजांच्या दरीत. पण तिथे तुम्ही नाही. पुजाऱ्यांनी चोरांच्या भीतीने हलवलेला तुमचा देह १८८१ साली उजेडात आला, १९७६ मध्ये बुरशीवर उपचार करायला पॅरिसला जाऊन आला आणि २०२१ मध्ये वाजतगाजत कैरोतल्या फुस्तातच्या संग्रहालयात गेला. अकरा मीटरचा पुतळा गिझाच्या नव्या संग्रहालयाच्या दारात. लक्झरच्या देवळापुढच्या दोन ओबेलिस्कपैकी (उंच दगडी स्तंभांपैकी) एक १८३६पासून पॅरिसच्या चौकात. त्याच्या मोबदल्यात फ्रान्सने दिलेलं घड्याळ कैरोत कित्येक वर्षं बंदच होतं. आम्ही नक्की कुठे येऊ?

तुतनखामुनकडून शिका. विशी गाठायच्या आत गेला, बांधलं फारसं काही नाही, पण थडग्यातलं पाच हजारांवर सामान आता एका छपराखाली मांडलेलं आहे. आम्ही त्याला दोन तास दिलेत. तुमची सहासष्ट वर्षांची कारकीर्द बसमधून बघायची ठरली आहे.

बाकी व्यवस्था चोख आहे. थेपले आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर आहे. तिथल्या कोशरी नावाच्या पदार्थात भात, मसूर, मॅकरोनी, छोले आणि वर तळलेला कांदा असतो, हे कळल्यावर आज्या निश्चिंत झाल्या (कांदा बाजूला काढणार आहेत). बक्षिसीच्या सुट्ट्या नोटा वेगळ्या पाकिटात. बाजारात ‘अमिताभ बच्चन!’ अशी हाक आली तर हसायचं, पण अत्तर घ्यायचं नाही, असा ठराव झाला आहे.

कळावे, लोभ असावा.
आपला,
सहलीचं वेळापत्रक ज्याच्या गळ्यात पडलं तो

ता. क. कर्नाकच्या सभामंडपात १३४ खांब आहेत आणि आमच्याकडे पंधरा मिनिटं. त्यातले कोणते वगळले तर चालतील, ते उलट टपाली कळवावं.