कव्हर तेवढं बदला

पर्यावरण हा विषय सगळ्यांना सक्तीने शिकवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितलं. सगळ्यांचा, म्हणजे कोणीही शिकवला तरी चालतो, असा अर्थ आपण काढला. ज्या सरांचा वर्कलोड भरत नव्हता, ते एका टाइमटेबलात पर्यावरणतज्ज्ञ झाले. २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा कान उपटले. त्याच सुमारास यूजीसीने पन्नास तासांचा अभ्यासक्रम आखून दिला आणि पुण्याच्या डॉ. एरक भरुचांनी पाठ्यपुस्तक लिहून दिलं. त्या पन्नासांतले पाच तास नदी, टेकडी, तळं प्रत्यक्ष पाहण्यासाठी होते. हे पाच तास बहुतेक ठिकाणी मस्टरवर फिरून आले.

आता २०२३ ची नवी चौकट आहे, चार क्रेडिट आहेत. एकच मजकूर बी.ए., बी.कॉम. आणि बी.एस्सी.ला कसा मानवेल, यावर कार्यशाळा होतात, त्यांत चहा-बिस्किटं होतात, ठराव होतात. आमच्या मुरुम गावात हा प्रश्न झेरॉक्सवाल्याने केव्हाच सोडवलाय.

"सर, आर्ट्सचं देऊ का कॉमर्सचं?" तो विचारतो. दोन्हींत फरक काय? आर्ट्सच्या प्रकल्पाच्या कव्हरवर झाड आहे, कॉमर्सच्या कव्हरवर नाण्यांच्या ढिगातून उगवलेलं झाड. सायन्सला झाडाशेजारी परीक्षानळी. आत तीच चोवीस पानं : ओझोनचा थर, अॅमेझॉनचं जंगल, हिमनद्या, आणि पाणीटंचाईचं उदाहरण म्हणून केप टाउन. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते यात नाही. केप टाउनचा फोटो नेटवर रंगीत मिळतो, असं त्याचं म्हणणं. सबमिशनच्या आदल्या दिवशी दुकानापुढे जी रांग लागते, तीत तिन्ही शाखांची मुलं खांद्याला खांदा लावून उभी असतात. विद्याशाखांमधल्या भिंती पडल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

तसं पाहिलं तर मजकूर गावाबाहेर रानात पडलाय. बेन्नीतुरा नदी इथून कर्नाटकात जाते, कागिणा नदीला मिळते, तिच्यासोबत भीमेत जाते. हे दोन राज्यांचं राज्यशास्त्र झालं. इथे वर्षाला पाऊस सात-साडेसातशे मिलिमीटर, तोही लहरीप्रमाणे. आणि उसाला लागतं दीड-दोन हजार. उरलेलं येतं कुठून? बोअरमधून. बोअरचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा, भांडवली की महसुली, आणि कोरडा गेला तर घसारा कसा धरायचा, हे कॉमर्सच्या पोराला विचारा. आपल्या काळ्या पाषाणात सातशे फुटांखाली पाणी किती आणि फुफाटा किती, हे बी.एस्सी.च्या पोराला. आणि पाणवठ्यावरच्या आजीच्या ओव्या आर्ट्सवाल्यांनी लिहून घ्याव्यात. पण हे समितीपुढे मांडलं तर पहिला प्रश्न येणार, 'यावर ऑब्जेक्टिव्ह प्रश्न कसे काढायचे?' दुसरा प्रश्न कोणी विचारणार नाही. परिसरात साखर कारखाना आहे आणि समितीतल्या निम्म्यांचा ऊस फडात उभा आहे.

तरी या भागातल्या एका कॉलेजात (नाव कशाला?) बी.कॉम.च्या एका पोराने आगाऊपणा केलाच. वडिलांनी घेतलेल्या चार बोअरचा हिशेब त्याने वहीत मांडला. कितव्या फुटाला ओल लागली, गाडीवाल्याने फुटाला काय दर लावला, केसिंगचे किती, सोसायटीचं किती, सावकाराचं किती. शेवटी ताळेबंद. तीन बोअर कोरडे, चौथ्यावर अर्धा इंच पाणी, त्यावर पुन्हा ऊसच. वाचताना घशाला कोरड पडावी, असा हिशेब होता.

सरांनी लाल पेनाने शेरा मारला : 'हिमनद्यांचा उल्लेख नाही. कव्हर रंगीत नाही. प्रस्तावना व ऋणनिर्देश जोडावेत.' पंचवीसपैकी अकरा.

पोरगं निमूटपणे झेरॉक्सवाल्याकडे गेलं, कव्हर आणि ऋणनिर्देश घेऊन आलं, अठरा मिळाले. दुकानदार मात्र धंद्याला पक्का. त्याने वही चाळली, 'जरा ठेव रे हितं' म्हणत स्कॅन करून घेतली. यंदापासून त्याच्याकडे चौथा नमुना मिळतो, 'बोअर स्पेशल', इतरांपेक्षा दहा रुपये जास्त. गावाचं नाव, वडिलांचं नाव आणि कर्जाचा आकडा तेवढा आपापला भरायचा.