नारळ ओहोटीला आला

दिवाळीला आई आमच्याकडे ट्विकनहॅमला आली आणि तिसऱ्याच दिवशी तिनं जाहीर केलं, "तुमची नदी काही मला पटली नाही."

टेम्सबद्दल मी फोनवर बरीच फुशारकी मारून ठेवली होती. घरापासून चालत दहा मिनिटांवर नदी, शिवाय आपल्या खाडीसारखीच भरती-ओहोटीची, वगैरे. आमचं गाव दाभोळच्या आतल्या अंगाला, वाशिष्ठीच्या खाडीवर. तिथं सुकती लागली की खाडी अंग काढून घेते. चिखल उघडा पडतो, बगळे उतरतात, बाया कोयत्या घेऊन कालवं काढायला निघतात. इथं मात्र आई सकाळी गेली, दुपारी गेली, थर्मासमध्ये चहा घेऊन संध्याकाळीही गेली. पाणी हातभर वरखाली झालं असेल, पण तळ काही दिसेना. "ही सदा जेवल्यासारखी कशी रे दिसते?"

तिची शंका रास्त होती. ही सुबत्ता नैसर्गिक नाहीच. लंडनच्या जुन्या पुलाच्या अरुंद कमानी आणि जाडजूड खांब नदीला बंधाऱ्यासारखे आडवे होते. १८३१ मध्ये नवा पूल झाला, जुना पाडला, आणि ओहोटीला वरच्या अंगाचं पाणी सुसाट खाली जाऊ लागलं. रिचमंड आणि ट्विकनहॅमच्या खानदानी बंगल्यांसमोर रोज चिखलाचं प्रदर्शन मांडलं जाऊ लागलं. मंडळींनी अनेक वर्षं तक्रारी केल्या, तेव्हा कुठं १८९४ मध्ये रिचमंडला नदीवर तीन लोखंडी दारं बसली, प्रत्येकी ३२ टनांची. भरतीच्या आधी आणि नंतर दोनेक तास ती वर उचलतात, एरवी खाली सोडतात. त्यामुळे तिथून टेडिंग्टनपर्यंतच्या पाचेक किलोमीटरांत पाणी अर्ध्या भरतीच्या खाली उतरत नाही. थोडक्यात, पाहुणे यायच्या वेळी घर आवरलेलं दिसावं, तशी ही नदी कायम आवरलेली असते.

फक्त नोव्हेंबरच्या आसपास काही आठवडे ही दारं उचलून तशीच ठेवतात. त्याला इथं 'ड्रॉ-ऑफ' म्हणतात. मी समजावून सांगायला लागलो, तर आईनं मला मध्येच थांबवलं. "म्हणजे विहीर उपसतात तसं."

अगदी तसं. आपल्याकडे वैशाखात विहिरीत उतरून गाळ काढतात, पडलेले गडू-तांबे वर येतात, बांधकामाला कुठं चीर गेली आहे ते कळतं. इथंही दारांची, लॉकची डागडुजी होते, काठचे घरमालक आपापल्या भिंती तपासतात, हौशी लोक लांब बूट घालून कचरा वेचायला उतरतात. फरक एवढाच, की उपसायला कुणी लागत नाही. दारं उचलली की नदी आपली आपण जाते. भरतीला परत येते, ओहोटीला पुन्हा जाते, समुद्रानं नेमून दिल्याप्रमाणे.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तेव्हा काठावर बरीच माणसं उभी होती आणि सगळी थोडी ओशाळलेली. एका शेजारणीनं तर आईची चक्क माफी मागितली, एरवी आमची नदी अशी नसते म्हणून. ईल पाय बेटाच्या बाजूला होड्या कुशीवर कलंडून पडल्या होत्या. होडीतच राहणारे एक आजोबा सांगत होते, की हे काही आठवडे ते उशी दुसऱ्या टोकाला ठेवून झोपतात, नाहीतर सकाळी डोकं जड होतं. चिखलाला तो ओळखीचा, कुजका, खारवट नसला तरी खारवटाच्या वळणाचा वास येत होता. आईनं तो छाती भरून घेतला आणि म्हणाली, "हं. आत्ता कशी नदी वाटते."

मग ती कठड्याला टेकली आणि गाळाची पाहणी करू लागली. दोन सायकली, एक सामानाची गाडी, रस्त्यावरचे केशरी शंकू (हे दारू प्यालेल्या माणसाखेरीज नदीत कुणी टाकत नाही), बाटल्या असंख्य. इथं तिसऱ्या मिळत नाहीत का, हे विचारता विचारता तिचं बोट एका जागी थांबलं.

"तो नारळ कुणाचा?"

माझ्या पोटात गोळा आला. अनंत चतुर्दशीला आम्ही गणपती घरीच बादलीत विसर्जित केला होता, अगदी नियमाला धरून. पण कलशावरचा नारळ बादलीत कसा सोडायचा म्हणून मी अंधार पडल्यावर कोटाच्या खिशातून नदीवर नेला आणि इकडे तिकडे बघून सोडला. भरती-ओहोटीच्या नदीत नारळ सोडणारा माणूस खाडीकाठी जन्मलेला असावा, याची मला आजही लाज वाटते. बाप्पा पुढच्या वर्षी यायचे ते येतील. नारळ पुढच्या भरतीलाच निघतो.

अर्थात तो माझाच होता असं छातीठोक सांगता येणार नाही. नारळाला शेंडी असते, सही नसते. शिवाय या नदीत नारळ सोडणारा मी एकटा नाही. पण शेंडीजवळ लाल दोऱ्याचा तुकडा होता आणि आमच्या घरातला लाल दोरा मी ओळखतो. उतरून उचलावा, तर टेम्सचा काठ धुंडाळायला परवाना लागतो. स्वतःचं पाप उचलायलाही अर्ज करायचा! तेवढ्यात बूटवाल्या एका मुलीनं तो उचलला, सगळ्यांना दाखवला, आणि अतिशय आदरानं पिशवीत ठेवला. आईनं माझ्याकडे बघितलं नाही. न बघण्यात तिचा हात कोण धरणार?

परतताना आम्ही यॉर्क हाउसच्या बागेतून आलो. ही आता नगरपालिकेची जागा, पण १९०६ मध्ये हा बंगला सर रतन टाटांनी, म्हणजे जमशेटजींच्या धाकट्या चिरंजीवांनी घेतला होता. नदीच्या अंगाला कारंज्याभोवती त्यांच्या वेळच्या संगमरवरी अप्सरा आहेत, सगळ्या दिगंबर. आपल्या मुंबईच्या माणसाची वास्तू म्हणून मी अभिमानानं दाखवायला गेलो. आई म्हणाली, "नदीचं पाणी आज गेलं. ह्यांचे कपडे केव्हा गेले?"

त्रिपुरी पौर्णिमेला तिनं पणती लावायची ठरवली. पाण्यात सोडणार नाही, पायरीवर ठेवीन, असं माझ्याकडे रोखून बघत सांगितलं. तिची भरतीची रीत जुनी: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. आम्ही सव्वाअकराला पोचलो, तर समोर चिखल. ती चिडली नाही. थर्मास उघडून बसली. पाणी चढत चढत तीन-साडेतीनला काठोकाठ झालं आणि रस्त्यावर लावलेल्या एका गाडीची चाकं भिजली. उधाणाला इथं असं होतं. तशी पाटीही लावलेली आहे, पण पाटी वाचतो कोण? सव्वाचारला सूर्य मावळला तेव्हा आईनं पाण्यालगतच्या पायरीवर पणती ठेवली. आमचा चहा होईपर्यंत नदी चार पायऱ्या खाली गेली होती. पणती एकटीच वर.

डिसेंबरात दारं पुन्हा खाली आली, नदी पुन्हा सुखवस्तू दिसायला लागली, आणि आई गावी गेली. जाताना फ्रिजवरच्या 'कालनिर्णय'च्या कोपऱ्यात पेननं लिहून गेली: "पाऊणपट अधिक चार तास. उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात तेव्हा पाच." नदीकाठी गाडी लावण्याआधी मी ते बघूनच जातो. अजून एकदाही चाकं भिजलेली नाहीत.