नवरदेव नव्हे, युद्धवधू

हॉवर्ड हॉक्सच्या १९४९ सालच्या ‘आय वॉज अ मेल वॉर ब्राइड’ या विनोदी चित्रपटात प्रेम भांडणातून जमते आणि कागदपत्रांत अडकते. महायुद्धानंतरच्या जर्मनीत फ्रेंच कॅप्टन आंरी रोशार (कॅरी ग्रँट) आणि अमेरिकी सैन्यातली लेफ्टनंट कॅथरीन गेट्स (अ‍ॅन शेरिडन) लग्न करतात. एका लग्नावर भागत नाही. मुलकी, लष्करी आणि धार्मिक असे तीनदा विधी होतात. मधुचंद्राची परवानगी तेवढी कोणत्याच विधीत नसते.

कॅथरीनला मायदेशी परतण्याचा हुकूम निघतो. नवऱ्याला सोबत न्यायचे, तर आधार डिसेंबर १९४५च्या युद्धवधू कायद्याचा. हा कायदा अमेरिकी सैनिकांच्या परदेशी जोडीदारांना स्थलांतराच्या कोट्याबाहेर प्रवेश देत होता, त्यात पुरुषांना मनाई नव्हती. पण खिडकीमागच्या कारकुनांच्या लेखी सैनिकाचा जोडीदार म्हणजे बाईच. मग लष्करी मोहिमा काढणारा हा कॅप्टन बायकांच्या दुखण्यांविषयीच्या प्रश्नांना निमूटपणे उत्तरे देतो. रात्री त्याची आणखी पंचाईत. वधूंच्या निवासात पुरुष म्हणून जागा नाही, पुरुषांच्या निवासात वधू म्हणून नाही. सरकारी तर्क इतका निर्दोष, की माणूस न्हाणीच्या टबात झोपतो.

नियम माणसाला जुळत नसेल, तर माणसाने नियमाला जुळावे. त्यानुसार रोशार घोड्याच्या शेपटीचा टोप आणि लष्करी स्कर्ट चढवून बोटीवर शिरतो. सोंग उघडे पडते, त्याची रवानगी कोठडीत होते आणि जोडप्याला अखेर हवा तो एकांत तिथेच मिळतो.