लीन सॉफ्टवेअर : यवतमाळ जिल्ह्यातल्या नवशिक्यांसाठी

समजा, वणीच्या एका जिनिंगवाल्या शेटजींना काट्याची पावती छापणारं सॉफ्टवेअर हवंय. कापसाची भरली गाडी तोलायची, रिकामी तोलायची, वजाबाकी करायची, कागद शेतकऱ्याच्या हाती द्यायचा. तुम्ही पुसदच्या बाबासाहेब नाईक महाविद्यालयातून ताजे इंजिनिअर होऊन आलेले. तेव्हा सर्वात आधी फळा विकत घ्या.

त्यावर तीन रकाने आखा : करायचंय, चालू आहे, झालं. मधल्या रकान्यात जितक्या चिठ्ठ्या, तितके तुम्ही कामसू दिसाल. लॉगिन अर्धं, आलेख अर्धे, मोबाइल ॲप पाव. पावती? तीही चालू आहे. टोयोटात ताइची ओनो अर्धवट पडलेल्या मालाकडे नासाडी म्हणून बघत. मेरी आणि टॉम पॉपेंडिक यांनी लीन सॉफ्टवेअरवरच्या २००३च्या पुस्तकात तोच नियम अर्धवट सॉफ्टवेअरला लावला. पण त्यांना तुमचा फळा कुठे दिसतोय?

आता मोजमाप. कोडच्या ओळी मोजा, आकडा भरघोस येतो. एक क्विंटल कापसातून रुई निघते साधारण ३३ ते ३५ किलो, बाकी बहुतेक सरकी. तुमच्या कोडचा उतारा मात्र कोणी काढत नाही. शिवाय प्रत्येक कामाला गुण द्या. या पंधरवड्यात २०, पुढच्यात ४०. काम तेवढंच, पण गुण देणारे तुम्हीच असल्यावर प्रगती कोण अडवणार?

एक आकडा चुकूनही मोजू नका : शेटजींनी मागितल्यापासून पहिली पावती निघेपर्यंत किती दिवस गेले. तो सगळं उघडं पाडतो. जॉन लिटल यांनी १९६१ साली याचं गणित सिद्ध करून ठेवलंय. हाती १२ कामं आणि आठवड्याला पुरी होतात २, तर एकेका कामाला सरासरी ६ आठवडे. दसऱ्याला मागितलेलं दिवाळी उलटून गेल्यावर मिळणार, तोवर कापसाची आवक जोरात. हाती तीनच ठेवली, तर दीड आठवडा. रात्री जागायला नको, पोरं वाढवायला नकोत. मग उरलेल्या नऊ कामांचं काय? ती शेटजींनी मागितलीच नव्हती.

(हे पटत असेल, तर तुम्ही नवशिके राहिला नाहीत. पुढचं वाचू नका.)

काट्याच्या खोलीत जाऊन बसायचं तर अजिबात टाळा. तिथे काटेवाला एका हातानं फोन धरून दुसऱ्या हाताच्या एका बोटानं गाडीचा नंबर मारत असतो आणि खिडकीबाहेर ट्रॅक्टरवाले ओरडत असतात. तुमचे रंगीत आलेख पाहून तो म्हणेल, ‘‘भाऊ, हे गोल गोल काय दाखवून राह्यले? छापाचं बटन कुठी हाय?’’ आणि मग, ‘‘लॉगिन काऊन पाह्यजे? रातच्याला माह्या जागी दुसराच बसते.’’ तुम्ही सुरक्षिततेवर छोटं व्याख्यान द्याल. तो मान डोलावेल. दुसऱ्या दिवशी पासवर्ड लिहिलेला कागद मॉनिटरला चिकटवलेला असेल.