पट्टीचे गृहस्थ

सेवानिवृत्तीनंतर ज्यांना भजनी मंडळ रुचत नाही आणि गृहनिर्माण संस्थेच्या चिटणीसपदाचा मोह ज्यांना वेळीच आवरता आला आहे, अशा सज्जनांपैकी काही थोडे, वडिलार्जित फियाटचे पुनरुज्जीवन हेच आपल्या उर्वरित आयुष्याचे इतिकर्तव्य ठरवून बंगल्याच्या मागील शेडमध्ये अंतर्धान पावतात. पुण्याच्या जुन्या सोसायट्यांतून हा नमुना हटकून आढळतो. इंजिन मेकॅनिककडे, पत्रा डेंटरकडे आणि रंग पेंटरकडे त्यांनी निर्धास्तपणे सोपवलेला असतो. परंतु रंग वाळून मोटार घरी आली, की तिच्या अंगावरच्या पट्ट्या, मोनोग्राम, दिव्यांच्या रिंगा, जाळी आणि बंपर हा सारा सरंजाम पूर्ववत बहाल करण्याचा अधिकार ते कोणाही कारागिराला देत नाहीत.

हा सरंजाम उतरवतेवेळी त्यांनी रीतसर पंचनामा केलेला असतो. प्रत्येक पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, तिच्यावर ‘डावे मागील दार, हे टोक पुढे’ अशी चिठ्ठी, क्लिपा आणि नट औषधांच्या रिकाम्या डब्यांत, आणि या समस्त मुद्देमालाची यादी एका जाड नोंदवहीत. पाटबंधारे खात्यात उभ्या हयातीत त्यांच्या हातून एकही वही इतकी अद्ययावत राहिली नव्हती, असे त्यांचे जुने सहकारी सांगतात.

बंपर प्लेटिंगहून परत आला, की पाहुण्यांची कसोटी सुरू होते. आधी तांबे, त्यावर निकेल आणि सर्वांत शेवटी क्रोम. त्यातही क्रोमचा थर नावापुरता, खरी झळाळी निकेलचीच, आणि तांब्यात कसूर केली तर दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात, हे सर्व ऐकून होईपर्यंत चहा निवून जातो. ‘निवू द्या,’ असे म्हणून ते रिंगांकडे वळतात.

त्यांच्या चिंतेचा गाभा मात्र डिकीवरील मोनोग्राम हा असतो. १९६४ साली ‘डिलाइट’ या नावाने अवतरलेली ही फियाट मध्यंतरी ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. यांच्या वडिलांनी घेतलेली मोटार नेमकी या नामांतराच्या धामधुमीतली. मूळ नाव कोणते, याचा एकमेव निर्विवाद पुरावा म्हणजे पत्र्यातली मोनोग्रामच्या खिळ्यांची भोके, आणि ती पेंटरने लांबी भरून, घासून, इतकी बेमालूम बुजवलेली, की प्रकरण आज कित्येक महिने तहकूब आहे.

पट्ट्या बसवण्याचा दिवस ते पंचांग पाहून नव्हे, तर हवा पाहून ठरवतात. पुढच्या मडगार्डापासून मागच्या दिव्यापर्यंत दोरा ताणला जातो. त्याचे एक टोक अर्थातच काकूंच्या हाती. भोकाच्या कडेचा टवका उडाला तर तेथूनच गंज धरतो, म्हणून प्रत्येक भोकाला आधी प्राइमर, मग रंग, मग बोटाने ग्रीस, मग क्लिप, मग तळहाताच्या गादीने ‘टक्’ असा आवाज येईतो पट्टीवर दाब. मडगार्डावरची पट्टी विनातक्रार बसते. संकट दाराशी उभे राहते. कारण पन्नास वर्षे आप्तस्वकीयांनी आपटलेले ते दार सुतभर खाली उतरलेले असते, आणि पट्टीने आता दोऱ्याशी इमान राखावे की दाराशी, हा धर्मसंकटाचा प्रश्न उपस्थित होतो.

‘अहो, दूध उतू जातंय!’

‘जाऊ दे. दोरा ढिला सोडू नकोस.’

बिजागरीत पातळ पत्र्याची चकती सरकवून दार उचलावे, हा उपाय शेजारच्या पोराने सुचवलेला असतो. तो अचूक असल्यामुळेच बहुधा आठवडाभर विचाराधीन राहतो.

सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारींना व्हिंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी देऊ केली. नियमाला सांगाडा आणि इंजिन यांच्या फेरफाराचीच काय ती धास्ती आहे. आमचे गृहस्थ मात्र ‘मूळ स्वरूप’ या दोन शब्दांचा अर्थ स्क्रूच्या डोक्यावरील खाचेपर्यंत नेऊन पोचवतात. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईची अखेरची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली तेव्हा अनेकांचे डोळे पाणावले. यांनी शोक आवरून त्याच संध्याकाळी तिच्या व्हील कॅपांचे पुढे काय होणार, याची मुंबईच्या मेहुण्याकडे चौकशी केली. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी त्यांची हजेरी असते, आणि पट्टी जुनी की नक्कल, हे ते नखाने टिचकी मारून सांगतात. ते बरोबर असते, असे मला वाटत नाही. पण विक्रेता घाबरून भाव उतरवतो, हे मी पाहिले आहे.

इतके होऊन मोटार चालते का? उत्तम चालते, असे मेकॅनिक म्हणतो. परंतु रस्त्यावर खडे असतात, सिग्नलला दुचाकीवाले हँडल घासतात आणि पावसाळा तर वर्षातून चार महिने असतो. गेल्या मार्गशीर्षात पुतणीच्या लग्नात वरात या फियाटमधून निघावी, अशी सर्वांनी गळ घातली तेव्हा त्यांनी मोठ्या मनाने रुकार दिला आणि सोबत शर्तींचा मसुदा धाडला: बंपरला हार नको, बॉनेटला चिकटपट्टी नको, दाराला कोणी टेकू नये, अक्षता वाऱ्याच्या दिशेने टाकाव्यात. कागद वाचून वधुपित्याने मुकाट्याने भाड्याची इनोव्हा ठरवली, आणि काका-काकू कार्यालयात रिक्षाने आले.