रात्री पिशवी फेकणाऱ्या महाशयांना



तुमचं नाव इथे लिहीत नाही. गल्लीला ते ठाऊक आहे. औरादच्या आपल्या वसाहतीत पार्कसाठी सोडलेली जागा आहे. रात्री जेवणं उरकली की तिच्या कोपऱ्यात तुमची काळी पिशवी येऊन पडते. सकाळी कचऱ्याची गाडी दारावरून जाते तेव्हा तुमचं दार बंद असतं. दिवसाढवळ्या कचरा हातात धरायला तुम्हाला कमीपणा वाटतो आणि अंधारात दुसऱ्याच्या अंगणात फेकायला मात्र काही वाटत नाही!

गाठ मारली की तुम्ही ती पिशवी विसरता. कुत्र्यांनी फाडल्यावर आत काय आहे ते आम्ही बघतो. मेथीच्या काड्या, शिळी भाकरी, लेकराचं डायपर, दाढीचं ब्लेड, फुटलेली ट्यूबलाइट, सगळं एकात एक कालवलेलं. परवा ते उचलताना सफाई करणाऱ्या पौरकार्मिक बाईच्या तळहातात काच घुसली. तिनं चिंधी फाडून हाताला गुंडाळली आणि पुढचा ढीग ओढायला लागली. तिला हातमोजे का नव्हते, हे ज्यांना विचारायचं त्यांना मी विचारणारच आहे. पण काच तुमच्या घरातली होती.

ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगवेगळा करून देणं हे घराघराचं काम आहे, असं 2016 च्या घनकचरा नियमांनी सांगितलं. उघड्यावर टाकायचा नाही, जाळायचा नाही, हेही त्यातच होतं. तुम्ही दोन्ही करता. ढीग वाढला की काडी लावता आणि प्लास्टिकचा तो धूर शेजारच्या दमेकरी म्हातारीच्या खिडकीतून आत जातो. जळून जे उरतं त्यात गाई तोंड घालतात. देवणी गाईचा अभिमान सांगणारा हा आपला मुलूख, आणि तिच्या पोटात आपण कॅरीबॅग भरतो. ती पचत नाही, बाहेरही पडत नाही. पोटात गोळा होऊन बसते.

एवढं करून पार्क कधी होणार म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडता तुम्हीच. तर पैशाचं ऐका. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी लहान शहरांना जे अनुदान ठरवलं, त्यातला 60 टक्के हिस्सा पाणी, स्वच्छता आणि कचऱ्यासाठी बांधलेला होता. उरलेल्या 40 टक्क्यांवर रस्ते, दिवे, गटारी आणि पार्क, सगळ्यांचाच डोळा. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत कचरा आणि उद्यानं ही दोन्ही कामं शहराच्या कारभाराकडेच दिली आहेत, म्हणजे शेवटी घर एक आणि तिजोरी एक. कचऱ्यासाठी बांधलेला पैसा संपल्यावरही तोच ढीग पुन्हा पुन्हा जेसीबीने उचलायचा, तर बाकडी आणि झाडं कशातून आणायची? अंदाजपत्रकाच्या सभेत पार्कचा पैसा कापला गेला तर सभासदांना जाब विचारायलाच हवा, आणि मी विचारीन. तुम्ही कुठल्या तोंडाने विचारणार?

हे आपल्यासारख्या गावांना जमत नाही असं म्हणू नका. सिंधुदुर्गातलं वेंगुर्ले सुमारे बारा हजार वस्तीचं. तिथे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात नगरपालिकेने कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा करायला घेतला. ओल्या कचऱ्याचा बायोगॅस झाला, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात गेलं, आणि जिथे कचऱ्याचे डोंगर होते तिथे बाग उभी राहिली. लोक ती बघायला जातात. तिथे डेपोची बाग झाली, आणि इथे तुम्ही बागेच्या जागेचा डेपो केलात.

वेंगुर्ल्यात वीसहून अधिक प्रकार केले. तुमच्याकडे मोजकेच मागितले आहेत. खरकटं एका बादलीत, कोरडं दुसऱ्या बादलीत. काच, ब्लेड, ट्यूबलाइट, बॅटरी कागदात नीट गुंडाळून वेगळं. डायपरही गुंडाळून वेगळं. घरातल्या बायकांवर ढकलू नका, स्वतः करा. उद्या सकाळी गाडी येईल, तेव्हा दार उघडा, दोन्ही बादल्या घेऊन बाहेर या आणि आधी त्या बाईच्या हाताची विचारपूस करा.

आपला शेजारी