सप्ताहात लय कशी धरावी? (नवशिक्या मृदंगवाल्यांसाठी)

सुरुवात कणकेपासून करावी. मृदंगाच्या डाव्या पुडीला लावायला स्वयंपाकाच्या मांडवातून लिंबाएवढा गोळा मागून आणावा. ‘काल दिली ती खाल्ली का?’ असं बाया विचारणारच. बीड जिल्ह्यातल्या चैत्रात कणीक तासाभरात वाळते. मग घुमारा जातो, तो परत आणायला आपण जोरात मारतो, आणि जोरात मारणारा हात हमखास पळतो. म्हणून शेजारी पाण्याची वाटी ठेवावी. निम्मं लयशास्त्र त्या वाटीत आहे.

काकड्याला काही ठरवायचं नसतं. गळेच उघडलेले नसतात.

खरी परीक्षा संध्याकाळच्या हरिपाठाला. पावली चालू असते, त्यामुळे लय मृदंगाची नसते, पहिल्या रांगेतल्या सर्वांत म्हाताऱ्या गुडघ्याची असते. नजर त्या गुडघ्यावर ठेवावी. हरिपाठाचे अभंग 27. पहिल्यालाच टाळकऱ्यांना घाम फुटला तर तुमचा हिशेब चुकला.

कीर्तनात बुवा ध्रुपद सोडून अर्धा तास बोलतात आणि परत येतात ते भलत्याच लयीत. तीच आपली होती असा चेहरा करून ठेका धरावा. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा गजराला असा सुटलो की टाळ मागेच राहिले. विणेकरी आजोबा विणा खाली न ठेवता (सप्ताहात ती सात दिवस खाली ठेवतच नाहीत) वाकून म्हणाले, ‘यष्टी गाठायचीय का रं?’

बेथोव्हेन नावाच्या जर्मन बुवांनी 1817 साली आपल्या आठ सिम्फन्यांना मेट्रोनोमचे आकडे छापून दिले. ते फार पळतात की बरोबर आहेत, यावर तिकडचे कंडक्टर (एसटीतले नव्हेत) अजून भांडतात. आपल्याकडे आकडा नाही. भांडण त्याच रात्री पंगतीत मिटतं.

आकडा नाही, पण हंगाम आहे. दसरा-दिवाळीनंतर आमच्या गावातले तरणे हात कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. मागे म्हातारे आणि शाळकरी पोरं उरतात. तेव्हा पौषातल्या एकादशीचं भजन ठाय लयीतच ठेवावं, दुगनीचा मोह धरू नये. एका टाळकऱ्याला दमा आहे, दुसऱ्याला उद्या चाचणी परीक्षा. मग गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडतो, ट्रॅक्टर परततात, आणि तोच अभंग ते तरणे हात असे उचलतात की मांडवाचे बांबू हलावेत. पाच महिने ऊस तोडलेल्या मनगटाला टाळ हळू वाजवता येत नाही. तिथे ‘दाबून धरा’ म्हणणारा मृदंगवाला मूर्ख. त्यांच्यासोबत जावं, फक्त सम सोडू नये.

आमचा सप्ताह हनुमान जयंतीला संपतो. येताना टाळ घरचे आणा. मंडळाच्या तीन जोडांना दोरी नाही.